देवाच्या घरी पेन्शन नसते

नाताळ जवळ आला की आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये रंगरंगोटी सुरू होते. दारावर कागदी चांदण्या लागतात, करंज्या-शेवेच्या तळणीचा वास गल्लीभर पसरतो आणि देवळात गव्हाणीचा देखावा उभा राहतो. त्या देखाव्यात बाळ येशू असतो, मरिया आणि योसेफ असतात, मेंढपाळ असतात, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक असतात. पण याच कथेत पुढे दोन म्हातारी माणसे येतात, त्यांना मात्र कुठल्याच देखाव्यात जागा मिळत नाही.

एक शिमोन आणि दुसरी हन्ना. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात त्यांची हकीकत आहे. हन्ना लग्नानंतर सातच वर्षांत विधवा झाली. लूक तिची ओळख करून देतो तेव्हा तिच्या वयाच्या संदर्भात ८४ हा आकडा सांगतो. मंदिर सोडून ती कुठे जात नाही. आईबाप ते बाळ मंदिरात घेऊन येतात. मंदिरात पुष्कळ माणसे असणार, पण बाळाला ओळखतात ती ही दोन म्हातारी माणसे. शिमोन त्याला हातात घेतो आणि आता मी समाधानाने जायला मोकळा झालो असे म्हणतो. हन्ना मात्र तिथे असलेल्या लोकांना त्या बाळाविषयी सांगू लागते. लूक हा वैद्य होता असे पौलाच्या पत्रात म्हटलेले आहे. आमच्या व्यवसायातल्या माणसाने या दोघांची आवर्जून नोंद ठेवली, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

वाचकहो, या आठवड्यात मी सर्दी-खोकल्याविषयी लिहिणार नाही. उतारवय आणि श्रद्धा यांविषयी लिहिणार आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांपैकी बरेच जण आमच्याच मंडळीतले आहेत, म्हणून उदाहरणे त्या घरांतली आहेत. पण प्रश्न सर्वांचाच आहे. आपापल्या देवघरात बसून वाचले तरी चालेल.

शरीर झिजते, हे शास्त्रही लपवत नाही

म्हातारपण म्हणजे आशीर्वाद, असे प्रवचनात सांगणे सोपे असते. बायबल मात्र एवढे गोड बोलून थांबत नाही. जुन्या करारात ‘उपदेशक’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या शेवटच्या अध्यायात म्हातारपणाचे वर्णन एका जुन्या घराच्या रूपकात केले आहे. घराचे राखणदार थरथरतात, म्हणजे हात कापतात. बळकट माणसे वाकतात, म्हणजे पाय आणि पाठ वाकतात. दळणाऱ्या बाया कमी होतात, म्हणजे दात पडतात. खिडक्यांतून दिसेनासे होते, रस्त्याकडची दारे बंद होतात, म्हणजे दृष्टी आणि श्रवण मंदावते. पाखराच्या आवाजाने जाग येते, चढणीची भीती वाटते. बदामाच्या झाडाला पांढरा फुलोरा येतो, तो डोक्यावरच्या केसांचा.

वैद्यकीय पुस्तकातले वृद्धत्वाचे प्रकरण घ्या, यादी जवळजवळ हीच सापडेल. हाडे ठिसूळ होऊन पाठीला पोक येते, मोतीबिंदू होतो, झोप सावध होते, तोल जाण्याची भीती वाटते. श्रद्धेने यातले काही टळत नाही. चाळीस वर्षे नेमाने उपासनेला जाणाऱ्याचेही गुडघे झिजतात. मग श्रद्धेचा उपयोग काय?

माझ्या पाहण्यात तिचे उपयोग दोन. एक म्हणजे टेकायला खांदा मिळतो. दुसरा, करायला काम मिळते. पहिल्याविषयी आपण बरेच बोलतो, दुसऱ्याविषयी फारसे बोलत नाही. म्हातारी माणसे खचतात ती बहुधा दुसऱ्याच्या अभावाने. दवाखान्यात मी सर्वांत जास्त ऐकलेले वाक्य ‘गुडघे दुखतात’ हे नाही. ‘डॉक्टरसाहेब, आता माझा काय उपयोग?’ हे आहे.

मंडळीतल्या एका आजींना मी तपासत असताना त्यांच्या मुलाने म्हटले, ‘आई, आता तू काही करू नकोस, नुसता आराम कर.’ आजी ताडकन म्हणाल्या, ‘देवाच्या घरी पेन्शन नसते रे बाबा. बोलावीपर्यंत ड्यूटी.’ मला वाटते, वार्धक्याविषयीचा ख्रिस्ती विचार यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

समाधान की नैराश्य?

मात्र इथे एक धोका आहे आणि तो सांगण्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे. ‘मी जायला तयार आहे’ हे वाक्य दोन प्रकारची माणसे बोलतात. एक शिमोनासारखी, भरल्या मनाने. दुसरी रिकाम्या मनाने. शब्द तेच असतात. घरच्यांना फरक कळत नाही आणि ते म्हणतात, ‘बाबांची श्रद्धा किती मोठी!’

असेच एक निवृत्त शिक्षक. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलतो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पत्नी वारल्यानंतर दोन महिन्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला. रक्तदाब १९० च्या वर, साखर ३५० च्या वर. गुरुजींनी गोळ्या बंद केल्या होत्या. विचारले तर शांतपणे म्हणाले, ‘प्रभू नेईल तेव्हा जायचं. गोळ्या घेऊन मुक्काम कशाला वाढवायचा?’ मुलगा कौतुकाने त्यांच्याकडे पाहत होता.

मी गोळ्यांचा विषय बाजूला ठेवला आणि दुसरेच प्रश्न विचारले. झोप? पहाटे तीनलाच जाग येते. जेवण? पानात टाकतात, वजन सहा किलो उतरले. देवळात? पाच रविवार गेलेले नाहीत. गुरुजींचा आवाज मोठा, ‘उपासना संगीत’ त्यांना जवळजवळ पाठ. पण आता गाणे नको वाटते. प्रार्थना? त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बसतो हो. पण शब्दच येत नाहीत.’

ही श्रद्धेची तयारी नव्हती. हा नैराश्याचा आजार होता. शिमोनाच्या मनातले समाधान गाण्यातून बाहेर पडते, आजारी मनातून गाणेच निघून जाते. जोडीदार गेल्यावर दुःख होणारच, त्याला औषध लागत नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक उडाली असेल, वजन उतरत असेल, ‘मी ओझे झालो’ हे वारंवार तोंडी येत असेल, तर डॉक्टरला दाखवा. थायरॉइडची कमतरता, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधे, एखादा दडलेला आजार यांमुळेही असे होऊ शकते, म्हणून तपासणी हवी. ‘जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारायलाही कचरू नका. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक घरात लिहून ठेवा.

गुरुजींना औषध सुरू केले. या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसनही लागत नाही. मात्र मनाने एकदम बंद करू नयेत. त्याबरोबर गुरुजींच्या परवानगीने मी पाळकसाहेबांशी बोललो. त्यांनी केलेली गोष्ट कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. त्यांनी गुरुजींच्या घरी जाऊन सांत्वनाचे चार शब्द सांगितले आणि वर एक काम सांगितले. ‘गुरुजी, आपल्या संडे स्कूलची मुलं इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना मराठी पवित्र शास्त्र धड वाचता येत नाही. शनिवारी संध्याकाळी तुम्ही त्यांना वाचायला शिकवा.’ गुरुजी आधी नको म्हणाले, मग एका शनिवारी गेले. तीन महिन्यांनी साखर आटोक्यात होती, वजन थोडे भरले होते आणि ‘जोडाक्षरं कोणाला येत नाहीत हो आजकाल’ अशी त्यांची तक्रार सुरू झाली होती. औषधाने किती केले आणि पोरांनी किती, याची वाटणी मला करता येणार नाही.

आपल्याच मातीतल्या दोघी

उतारवयात काम कसे करावे याची उदाहरणे शोधायला मराठी ख्रिस्ती माणसाला दूर जावे लागत नाही.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घ्यावे या इच्छेने. पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमले नाही. हे बहिरेपण त्यांच्या सोबतीला राहिले. पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली, तिथे निराधार बायका आणि मुलींचा संसार मांडला गेला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर करायला घेतले, तेही साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आईच्या डोळ्यांदेखत मूल जाणे यापरते दुःख नाही. तरी रमाबाईंनी काम टाकले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, चौसष्टावे वर्ष पुरे व्हायच्या आत.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. आपल्या जिल्ह्याशी, त्या वेळच्या अहमदनगरशी आणि आताच्या अहिल्यानगरशी, त्यांचे नाते घरचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंना लिहायला-वाचायला शिकवले ते लग्नानंतर पतीने, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. पतीचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते, ते त्यांनी पुढे नेऊन पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ६६ होते. दोन वर्षांनी त्या गेल्या. साठीला टेकल्यावर ‘आता काय राहिले’ म्हणून त्या स्वस्थ बसल्या असत्या, तर मराठीतले एक अव्वल आत्मचरित्र आपल्याला मिळालेच नसते.

आपण सगळे काही रमाबाई किंवा लक्ष्मीबाई नाही. पण दोघींनी हाती घेतलेले काम ऐकू येत नसताना, घरचे माणूस गेलेले असताना पुरे झाले, एवढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अभ्यास काय सांगतात?

‘डॉक्टर, हे सगळे भावनेचे झाले, शास्त्र काय म्हणते?’ असे काही वाचक विचारतील. श्रद्धा आणि आरोग्य यांच्या संबंधाचे पुष्कळ अभ्यास अमेरिकेत झाले आहेत. तिथल्या सुमारे ७४ हजार परिचारिकांची १९९६ ते २०१२ अशी सोळा वर्षांची माहिती तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक जणी ख्रिस्ती होत्या. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्यांमध्ये त्या काळातले मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. याचा अर्थ देवळाची पायरी म्हणजे टॉनिक, असा नाही. अशा पाहणीतून कार्यकारण पक्के सिद्ध होत नाही. जाणाऱ्यांना माणसांचा आधार अधिक होता, त्यांच्यात धूम्रपान आणि नैराश्य कमी होते, हेही त्यात दिसले.

दुसरा अभ्यास जोगिणींचा. अमेरिकेतल्या नोत्र दाम संघाच्या ६७८ सिस्टर्सनी त्यात भाग घेतला. सर्व ७५ किंवा त्याहून अधिक वयाच्या. मृत्यूनंतर आपला मेंदू तपासायला देण्याचे त्यांनी मान्य केले होते. डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली हे काम सुरू केले. त्यातली एक सिस्टर १०१ व्या वर्षी वारली. शेवटपर्यंत तिची स्मरणशक्तीची चाचणी चांगली येत होती. मेंदू तपासला तर अल्झायमरच्या खुणा भरपूर! मेंदूत आजाराच्या खुणा असूनही ती बाई ८४ वर्षांची होईपर्यंत शिकवत होती आणि त्यानंतरही हिंडती-फिरती होती. असे काहींच्या बाबतीत का घडते याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. पण शिक्षण, नियमित दिनक्रम, सोबत आणि काम या चार गोष्टी त्या सिस्टर्सच्या आयुष्यात भरपूर होत्या.

पाय धुऊ देणे

आता कठीण प्रश्न. ज्यांना अंथरुणातून उठताच येत नाही, त्यांनी काय काम करायचे?

खुब्याचे हाड मोडून पडलेल्या एक आजी होत्या. दुखण्यापेक्षा त्यांना लाज जास्त होती. सून अंग पुसायला आली की डोळे मिटून घ्यायच्या, पाणी कमी प्यायच्या, म्हणजे भांडे कमी वेळा मागावे लागेल. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि ताप चढला. औषध दिले. मग मी त्यांना पेत्राची आठवण करून दिली. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले होते. येशूने त्याला सांगितले की धुऊ दिले नाहीस तर माझ्याशी तुझे नाते राहणार नाही. दुसऱ्याचे पाय धुणे ही सेवा आहेच, पण आपले पाय धुऊ देणे हेही जमावे लागते. आयुष्यभर दुसऱ्यांचे करणाऱ्या बायकांना तर हे फारच जड जाते.

आजी काही बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीत सून म्हणाली, ‘आता पाणी पितात. आणि मी अंग पुसताना माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात.’ पुढे आजींनी नावांची एक यादीच केली. परीक्षेला बसलेला शेजारचा मुलगा, बाळंतीण, सैन्यातला भाचा, सगळ्यांसाठी रोज नाव घेऊन प्रार्थना. मग निकाल काय लागला, बाळ कसे आहे, याची चौकशी. लोक त्यांना सांगायला येऊ लागले. खाटेवरच्या बाईकडे गल्लीतली माणसे कामासाठी येतात, ही काय लहान गोष्ट झाली?

श्रद्धा आणि गोळी

दोन गैरसमज इथेच दूर करतो. पहिला, ‘आजार म्हणजे पापाची शिक्षा’. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि पाप याचेही नव्हे, याच्या आईबापांचेही नव्हे, असे येशूने सांगितले. तेव्हा पक्षाघात झालेल्या बापाला ‘काहीतरी चुकले असेल’ असे सुचवणाऱ्या पाहुण्यांना चहा द्या आणि निरोप द्या.

दुसरा, ‘विश्वास असेल तर औषध कशाला?’ प्रार्थनेनंतर इन्सुलिन बंद करा, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? प्रार्थना करा आणि गोळीही घ्या. दोघींचे भांडण नाही.

काही व्यवहारातल्या सूचना

लघवी वाढवणारी गोळी रविवारी देवळात जायचे म्हणून अनेक बायका घेतच नाहीत आणि मग सोमवारी दम लागून येतात. वेळ बदलून देता येते, डॉक्टरांना विचारा.

गुडघे टेकणे जमत नसेल तर खुर्चीत बसून प्रार्थना करा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर बसल्याजागेवरून झटकन उठू नका, चक्कर येऊन पडाल.

प्रवचन ऐकू येत नाही म्हणून घरी राहू नका. आधी कानात मळ आहे का ते पाहा. गरज असेल तर श्रवणयंत्र घ्या आणि पुढच्या बाकावर बसा.

अक्षर दिसत नसेल तर मोतीबिंदू तपासून घ्या. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. तोवर नातवाला वाचायला सांगा, त्याचाही फायदा होईल.

लेंटच्या उपवासकाळात मधुमेही माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिल्यास साखर धोकादायक खाली जाते.

नाताळच्या रात्रीच्या उपासनेला जाताना कान, छाती आणि पाय झाकून जा. दमा किंवा हृदयविकार असेल तर सकाळची उपासना बरी.

आणि घरच्यांना व मंडळीच्या पंचांना एक विनंती. नाताळात वृद्धांना शाल आणि केकचा तुकडा देऊन फोटो काढला जातो, ते चांगलेच आहे. पण त्याबरोबर प्रत्येकाला एखादे काम द्या. कुणी आजाऱ्यांना फोन करील, कुणी मुलांना जुनी भजने चालीवर शिकवील, कुणी नुसती नावांची यादी सांभाळील. शाल तर द्याच, पण ज्या हाताला ती द्याल त्या हाताला काहीतरी करायलाही द्या.

सर्व वाचकांना नाताळच्या शुभेच्छा. रक्तदाबाची गोळी सणाच्या दिवशीही घ्यायची असते, हे विसरू नका.